रविवारची टिप

मर्विनचं ताट उचललं आणि त्याच्याखाली वीस डॉलरची नोट निघाली. एकच लांबट घडी, नखाने दाबून धार काढलेली, आणि ताटाच्या काठाबाहेर तिचं टोक एवढंसंच दिसेल अशा बेताने सरकवलेली. म्हणजे ताट उचलणारीला सापडावी, पण शेजारच्या टेबलावरच्यांना कळू नये. ही घडी डोरीनने डोळे मिटूनसुद्धा ओळखली असती. कोस्टासच्या डायनरमधल्या खिडकीजवळच्या टेबलावरून गेली दहा-अकरा वर्षं ती रोज सकाळी हीच घडी उचलून ॲप्रनच्या खिशात टाकत आली होती. तिथे नोटा लहान असत, एवढाच काय तो फरक. पण हे डायनर नव्हतं. हे तिचं स्वतःचं स्वयंपाकघर होतं, रविवारची दुपार होती, ताट आईच्या वेळचं निळ्या काठाचं होतं आणि शेजारच्या टेबलावर कोणी असायला शेजारी टेबलच नव्हतं. आत्ता दहा मिनिटांपूर्वी तो माणूस दारात उभा राहून टोपी हातात फिरवत म्हणाला होता, "असं घरचं मी किती दिवसांत जेवलो नव्हतो, डोरीन." तिनेही हसून काहीतरी म्हटलं होतं. त्याचा जुना ट्रक कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती पडदा धरून उभी होती. रस्त्यावरच्या पातळ बर्फात त्याच्या चाकांच्या दोन ओळी अजून काळ्या दिसत होत्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, नोट दिसताक्षणी तिच्या मनाच्या आधी तिचा हात हलला. तो नोट घेऊन सरळ कमरेशी गेला, खिसा चाचपडायला. अंगातल्या हिरव्या पोशाखाला खिसा नव्हता. हात तसाच नोट धरून पोटाशी थांबला. आपण कुठे आहोत हेच त्याला कळेना.

तिने नोट परत टेबलावर ठेवली, वर ताट ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली. मनाने तोवर आपला धंदा सुरू केलाच होता. वीस. वीस म्हणजे कशावर वीस? कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, उकडलेले बटाटे, सफरचंदाचा केक, दोनदा कॉफी. कोस्टासच्या हिशेबाने फार तर पंचवीस डॉलर होतील. पंचवीसवर वीस कोणी ठेवतं का? चांगला माणूस पाचावा हिस्सा ठेवतो, बरा माणूस त्याहून थोडा कमी, आणि चर्चमधून नटूनथटून आलेली मंडळी ठेवतात ती नोटेसारखी दिसणारी धार्मिक चिठ्ठी. म्हणजे हे जास्त होतं. म्हणजे त्याला आवडलं होतं. क्षणभर तिच्या छातीत खरोखरच ऊब आली, दिवस चांगला गेल्यावर येते तशी, आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली की तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. हे काय करतेयस तू, डोरीन वोयचिक? छप्पन्न वर्षांची झालीस. एका माणसाला जेवायला बोलावलंस, त्यासाठी केस करून घेतलेस, डायनरमधल्या टॅमीकडून कानातलं मागून आणलंस, आणि तो गेल्यावर बसून टक्के काढतेयस?

पण टक्के काढायचे नाहीत तर करायचं काय? तीस वर्षं तिचं पोट टक्क्यांवरच भरत आलं होतं. या राज्यात वेट्रेसला मालकाने तासाला द्यायचे पैसे तीन डॉलरच्याही आतले. कायदाच तसा, कोस्टास बिचारा काही वेगळा नाही. त्यातूनही कर कापून जो चेक हातात यायचा तो कधीकधी इतका बारका असायचा की देताना कोस्टास दुसरीकडे बघून खोकायचा. बाकीचा पगार असायचा तो गिऱ्हाइकांच्या खिशात. तो तिथून बाहेर काढणं हेच काम. बशा उचलणं, कॉफी ओतणं हे आपलं जाता जाता. म्हातारी मेबल, जिच्या हाताखाली ती शिकली, पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "हे बघ पोरी, अंडी कोस्टासचा बाप विकतो. आपण तोंड विकतो." आणि मग मेबलने तिला तोंड कसं विकायचं ते शिकवलं. प्रत्येकाला 'राजा' म्हणायचं, म्हाताऱ्याला तर दोनदा. ऑर्डर घेताना टेबलाशी गुडघे मोडून बसायचं, म्हणजे आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या खाली येतात आणि माणूस आपोआप मोठ्या मनाचा होतो. बिल ठेवताना खांद्याला बोटांची टोकं लावायची, तीही बायको बरोबर नसेल तर. बिलाच्या मागे एक हसरा चेहरा काढायचा. "आणि हसायचं दातांपासून," मेबल म्हणाली होती. "डोळे मागाहून येतात. नाही आले तरी चालतं, कॉफी पिताना डोळ्यांत कोण बघतंय?" डोरीनचे डोळे मात्र येत. पहिल्या वर्षातच यायला लागले होते. मेबल लांबून बघून मान हलवायची, "तुला देणगी आहे गं." देणगी होतीच. आतून कितीही फाटलेलं असो, दोन कप आणि कॉफीचं भांडं घेऊन टेबलाकडे वळलं की चेहऱ्यावर आपोआप दिवा लागायचा. जोलीनला, तिच्या मुलीला, लहानपणी न्यूमोनिया होऊन इस्पितळात ठेवलं होतं त्या आठवड्यातही लागायचा. त्या आठवड्यात टिप फार चांगली मिळाली होती. हे तिने कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

डॅरिल, नवरा, घर सोडून गेला तोही या दिव्यापायीच असं तिला कधीकधी वाटे. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. म्हणजे पुढे झाली, पण आधी नव्हती. तो नुसता म्हणायचा, "माझ्याकडे बघून ते डायनरमधलं हसू नकोस." ती म्हणायची, "मग कोणतं हसू?" दुसरं तिला सापडायचं नाही. आरशासमोर उभं राहून तिने शोधलंही होतं एकदा. ओठ असे केले, तसे केले, सगळीकडून तेच निघालं. काय देऊ राजा, नेहमीचंच? आणि जेव्हा ती हसायची नाही, तेव्हा तिचा चेहरा असा काही लोंबायचा की डॅरिल घाबरून विचारायचा, काय झालं? काही झालेलं नसायचं. पाय दुखत असायचे. या लोंबलेल्या चेहऱ्याचीही तिला पुढे भीती बसली. तो तिने कोणाला दाखवायचा नाही असं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तसंच होत गेलं.

फोन वाजला. जोलीनच. कोलंबसहून, रविवारचा. "काय मग! जेवला का तुझा मर्विन?"

"माझा कसला? जेवला."

"आणि?"

"आणि काय. गेला."

"आई, तुझा आवाज असा का येतोय? काही केलं का त्याने? मी येऊ का?"

"अगं, ताटाखाली पैसे ठेवून गेला."

 पलीकडे जोलीनला हसू फुटलं, आणि ते आवरेचना. "किती?"

"वीस."

"मग जेवण चांगलं झालं होतं की! माझ्या लग्नात तर कोणी पाचसुद्धा—"

"जोलीन."

"बरं बरं. आई, ऐक ना. सवय असेल गं त्याची. माझा नवरा नाही का, बँकेतून येऊन मलाच विचारतो, आणखी काही सेवा? म्हातारा माणूस आहे, हात गेला खिशात."

"हो. तसंच असेल."

"मग झालं तर. ठेवून घे आणि काहीतरी छान घे त्याचं. मोजे घे. तुझे मोजे बघवत नाहीत."

फोन ठेवल्यावर तिला जोलीनचं पटलं, आणि पटल्यामुळेच जास्त लागलं. सवय. मर्विनच्या हाताला सवय होती, मान्य. पण मग तिच्या चेहऱ्याला नव्हती का? त्याचा हात जसा न विचारता खिशात गेला, तसंच तिचं ते 'माझ्याकडे ये की रविवारी' न विचारता तोंडातून निघालं नसेल कशावरून? ते कसं निघालं होतं ते तिला आता नीट आठवून बघावंसं वाटू लागलं, वास येतोय का बघायला दुधाचं भांडं नाकाशी धरावं तसं. मंगळवार होता. तो म्हणाला होता की बहीण फ्लोरिडाला राहायला गेली, तेव्हा आता रविवारचं जेवण विकतच्या पत्र्याच्या डब्यातलं. म्हणाला तेही तक्रार म्हणून नाही, हवापाण्याचं बोलावं तसं, टोस्टला लोणी लावता लावता. तिच्या हातात कॉफीचं भांडं होतं. आणि ती म्हणाली, माझ्याकडे ये. भांडं हातात असताना म्हणाली! दिवा लागलेला असताना. म्हणजे ते कोण बोललं? मेबलने शिकवलेली बाई बोलली की डोरीन बोलली? आणि त्याने ऐकलं ते कोणाकडून? त्याने जर त्या बाईचं ऐकलं असेल, तर ताटाखालची नोट बरोबरच होती. उलट तोच एकटा हिशेबाने वागला होता. घरपोच सेवेला जास्त पडतात.

तिला आई आठवली. आई खेळण्यांच्या कारखान्यात होती, पत्र्याच्या छोट्या ट्रकना चाकं बसवायची. डोरीन शाळेतून कधी तिकडे गेली तर काचेतून ती दिसायची, पट्ट्याशी बसलेली, ओठ मिटलेले, भुवया एकमेकींत गेलेल्या. त्या रांगेत हसताना कोणीच दिसायचं नाही. पण भोंगा झाला की आई फाटकातून बाहेर यायची ती मोठमोठ्याने बोलत, आणि घरी येऊन बूट भिरकावून अशी हसायची की वरच्या मजल्यावरची बाई जमिनीवर काठी आपटायची. कारखान्याने आईचे हात विकत घेतले होते, तोंड घेतलं नव्हतं. ते तिचं तिच्याकडे राहिलं, शेवटपर्यंत, इस्पितळातल्या नर्सला चिडवेपर्यंत. तासाला ठरलेले पैसे मिळत होते, तू हसलीस का असं विचारणारं कोणी नव्हतं. आणि आपलं उलटं झालं. आपण दिवसभर बाहेर हसत राहिलो आणि घरी येताना रिकामा चेहरा घेऊन आलो. जोलीनच्या वाट्याला तो आला. पोरीने कधी बोलून दाखवलं नाही, पण लहानपणी ती डायनरमध्ये यायचा हट्ट धरायची, टेबलाशी बसायचा, आणि 'मला पण राजा म्हण' म्हणायची. तेव्हा सगळ्यांना त्याची गंमत वाटे. डोरीनलाही वाटली होती.

संध्याकाळ लवकर उतरली, ईरी शहरात या दिवसांत उतरते तशी. सरोवरावरचा वारा खिडकीच्या फटीतून येऊन टेबलावरचा केकचा चुरा हलवत होता. तिने बाकीची भांडी धुतली. ते एक ताट तसंच राहू दिलं. धुताना दुपार परत पहिल्यापासून घडू लागली. त्याने खिमा खाताना डोळे मिटले होते ते खरं होतं? तो बसच्या गोष्टी सांगत होता. तीस वर्षं त्याने शहराची बस चालवली होती. उतरताना लोक 'थँक्यू' म्हणायचे, तो म्हणाला, म्हाताऱ्या बायका तर नाव घेऊन. "त्याचं मला फार वाटायचं. पगार पुरत होता म्हणून नुसतं थँक्यूही पुरत होतं." हे ऐकून ती हसली होती, आणि हसताना तिला जाणवलं होतं, आज आपण याला एकदाही राजा म्हटलेलं नाही. तो आल्यापासून मर्विनच म्हणतोय. ते तिला बरं वाटलं होतं. आणि मग ती उरलेला खिमा त्याला डब्यात बांधून द्यायला ओट्याकडे वळली, पाठमोरी झाली. तेव्हाच. तेव्हाच त्याने पाकीट काढलं असणार, घडी घातली असणार, नखाने धार काढली असणार. ती त्याच्यासाठी डबा बांधत असताना. कपड्याच्या आतून कोणीतरी थंड हात फिरवावा तसं तिला झालं. परत त्याच जागी येऊन ती बसली. उद्या तो येईल. खिडकीजवळ बसेल. दिवा लागेल. तो टोस्ट खाईल, घडी ठेवेल, आणि आजची दुपार आणि उद्याची सकाळ यांत काही फरक उरणार नाही. किंवा तो येणारच नाही. यातलं जास्त वाईट काय ते तिला ठरवता येईना.

सोमवारी तो आला. नेहमीच्याच वेळी, शाळेच्या बसांची वर्दळ ओसरल्यावर, टोपीवरचं बर्फ दारातच झटकून. डोरीन काउंटरमागे होती. टॅमी, तिच्याबरोबर काम करणारी, दोन पोरांची आई, कोपराने ढोसत म्हणाली, "आला बघ तुझा. अगं, कानातलं कुठंय माझं? आणि काल झालं काय ते सांगितलं नाहीस."

"कानातलं पर्समध्ये आहे. झालं काही नाही."

"काही नाही म्हणतेस आणि गाल बघ."

ती कॉफीचं भांडं घेऊन वळली आणि दिवा लागला. तिने लावला नव्हता. चालताना तिने तो मालवून बघायचा प्रयत्न केला, पण चेहऱ्याला ते कसं करतात ते ठाऊकच नव्हतं. ती त्याच्या टेबलाशी पोचली ती पूर्ण हसत. मर्विन मात्र हसत नव्हता. तो काचेतून बाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. थंडीने असतील.

"काय देऊ राजा, नेहमीचंच?" तिने म्हटलं. कालचं 'मर्विन' कुठल्या कुठे गेलं.

"डोरीन," तो म्हणाला, "मला सिग्नलला लक्षात आलं."

"काय?"

"बफेलो रोडच्या. लाल होता. मी आपला उभा, तुझ्या केकचा विचार करत. आणि एकदम आठवलं की माझा हात काय करून आलाय. हिरवा झाला तरी हललो नाही. मागच्याने हॉर्न दिला. बस चालवणाऱ्याला हॉर्न दिला, कळलं का!"

"मग वळून का नाही आलास?"

"आणि काय म्हणू? दार वाजवून? माफ करा बाई, माझे पैसे राहिले?"

तिला हसू येत होतं की रडू ते कळेना, पण दिवा विझला होता एवढं कळलं. तो कसा विझला तेही कळलं नाही. आता तिचा चेहरा कसा दिसतोय याची तिला कल्पना नव्हती. तिने भांडं टेबलावर ठेवलं. गिऱ्हाइकाच्या टेबलावर भांडं ठेवत नाहीत, डाग पडतो.

"रात्रभर झोपलो नाही," तो म्हणाला. "तू काय समजली असशील. माझ्या हाताला दुसरं काही येतच नाही गं. तुझ्यासमोरून उठायचं म्हणजे खिशात जायचं. इतक्या वर्षांत मी तुझ्यासमोरून दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने उठलोच नाही."

"मला एक सांग," ती हळू म्हणाली. मागच्या टेबलावरचे दोघे बिलाची वाट बघत होते ते तिला दिसत होतं. "इतकी वर्षं ठेवतोयस ते कशाचं? खरं सांग. माझ्या हसण्याचं?"

तो तिच्याकडे असा बघायला लागला जणू तिने विचारलं होतं, बस कुठल्या भाषेत चालवतोस. "हसण्याचं? हसण्याचं कसं देणार? ते पैसे पगाराचे. तुझा मालक देत नाही म्हणून मी देतो. मला शहर द्यायचं, तुला कोणीतरी द्यायला हवं ना? तुझं ते हसणं वगैरे..." त्याने मान खाली घातली आणि साखरेच्या पुड्या उगाच सारख्या केल्या. "ते मी आपलं फुकटच नेत होतो. मला वाटायचं, कोणाच्या लक्षात येत नाहीये तोवर नेऊन घ्यावं."

मागचा माणूस खाकरला. डोरीन उभी होती. तीस वर्षं आपण जे विकत आलो असं ती समजत होती, ते या माणसाने कधी विकत घेतलंच नव्हतं. आणि तरीही तो ते रोज घरी नेत होता, कोटाच्या आत, चोरासारखा. मग जे त्याने नेलं ते कोणाचं होतं? मेबलचं तर नव्हतं. तिला उत्तर मिळालं असं नाही, पण ज्या प्रश्नात ती कालपासून अडकली होती त्याची गाठ जरा सैल झाली, बुटाची नाडी सैल व्हावी तशी, आणि पायाला एकदम कळलं की आपल्याला किती घट्ट बांधलं होतं. फक्त एक गोष्ट तिला अगदी लख्ख दिसली. या टेबलावर, या भांड्यासकट, हा गुंता कधी सुटायचा नाही. तो इथे बसेल तोवर त्याचा हात खिशात जाणार आणि तिच्या चेहऱ्यावर दिवा लागणार, आणि दोघांतल्या कोणालाच कधी कळणार नाही की कुठलं काय.

"ऊठ," ती म्हणाली.

"आँ?"

"ऊठ इथनं. टॅमीच्या टेबलावर जाऊन बस. त्या भिंतीकडच्या."

त्याचा चेहरा पडला. "डोरीन, मी म्हटलं ना, माझं चुकलं—"

"आजपासून तिथेच बसायचं. रोज. ती वाढेल तुला. आणि ठेवायचं ते तिला ठेवायचं, चांगलं ठेवायचं, दोन पोरं आहेत तिला."

तो उठला. टोपी घेतली, कोट घेतला, इस्पितळात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलेल्या माणसासारखा भिंतीकडे गेला आणि तिकडे तोंड करून बसला. टॅमी हातातला ट्रे तसाच धरून डोरीनकडे आली. प्रत्येकीची टेबलं ठरलेली असतात, त्यांवरची रोजची माणसं म्हणजे जिची तिची शेती. एकीने दुसरीचं नेहमीचं गिऱ्हाईक वळवलं म्हणून याच डायनरमध्ये एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या होत्या. आणि आपण होऊन देणं? मेबलने आपली माणसं डोरीनला दिली होती, पण ती नोकरी सोडताना, गुडघे गेल्यावर.

"अगं, तुझा मर्विन माझ्याकडे बसलाय," टॅमी कुजबुजली. "चुकून बसला का?"

"मी बसवला. तुझा तो आता."

"काय केलं काय त्याने? कोस्टासला सांगू का? हाकलेल त्याला."

"काही केलं नाही. चांगला माणूस आहे. दोन अंडी, पिवळं मऊ, टोस्ट जरा करपलेला. कॉफी सारखी सारखी विचारू नकोस, लाजतो."

"रोजचा? म्हणजे कायमचा?"

"कायमचा."

टॅमीच्या डोळ्यांत हिशेब झाला, मग हिशेबाच्या मागून आणखी काहीतरी आलं आणि तिचं तोंड हळूहळू उघडं पडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोस्टासने डोकं बाहेर काढलं. "डोरीन! मरायला टेकलीस की काय? गिऱ्हाइकं वाटत सुटलीस ती?"

"तुझा पगार पुरायला लागलाय मला," ती म्हणाली. तिथली तिघं-चौघं हसली आणि कोस्टासने खोकत डोकं आत घेतलं.

मग वर्दळ वाढली. खिडकीजवळच्या टेबलावर कोणी नवीनच तिघं येऊन बसली, रस्त्यावरून जाताना थांबलेली. तिने त्यांच्या टेबलाशी गुडघे मोडून ऑर्डर घेतली, दिवा व्यवस्थित लागला, आणि या वेळी तिला तो ॲप्रनसारखा वाटला, बांधायचा आणि सोडायचा. डाव्या हातावर तीन ताटं घेऊन ती भिंतीच्या बाजूने निघाली तेव्हा तिचे पाय ठणकत होते, तोंड लोंबलं होतं आणि ते तसं असल्याचं तिला माहीत होतं. मर्विनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. घाबरला नाही. काय झालं, असंही विचारलं नाही. नुसता बघत राहिला, नवीन रस्त्याला लागलेला माणूस पाट्या वाचत जातो तसा. ती जवळून जाताना त्याचा कप सवयीने वर आला.

"डोरीन, जरा कॉफी..."

"मी तुझी कोण लागते कॉफी द्यायला?" ती न थांबता म्हणाली. "टॅमीला सांग."

बोलून झाल्यावर तिला ऐकू आलं आपण काय विचारलं ते. पलीकडच्या टेबलावरची म्हातारी जोडी खायची थांबली. मर्विनचे कान परत लाल झाले, आणि आता तर तो आत येऊन चांगला तासभर झाला होता. त्याने कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी धरून, आणि प्रश्न खराच आहे असं समजून विचार करायला लागला.

"रविवारी सांगतो," तो म्हणाला.

डोरीन पुढे गेली. ताटं घेऊन त्या तिघांसमोर उभी राहिली, आणि कोणाचं काय होतं ते तिला आठवेना. ती तिघं तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यावर हसू ठेवायचं तिचं राहून गेलं होतं.